विश्लेषण : इंटरनेटच्या दारांवर क्रमांक टाकणारा माणूस – जॉन पोस्टेल

मोबाइलवरून पैसे पाठवताना, रेल्वेचे तिकीट काढताना किंवा नुसता ई-मेल उघडताना आपला संदेश दूरच्या एका यंत्रापर्यंत जातो. पण यंत्रापर्यंत जाणे पुरेसे नसते. त्या यंत्रात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात आणि संदेश त्यातल्या नेमक्या एकाच्या हाती पडावा लागतो. ही सोय ज्या क्रमांकांमुळे होते, ते क्रमांक जवळजवळ तीन दशके एका माणसाच्या देखरेखीखाली होते. जॉन पोस्टेल हे त्यांचे नाव. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आजही सॉकेटचा पहिला प्रोग्राम लिहितात, तेव्हा पोस्टेल यांनी ठरवलेल्या नियमांवरच तो चालतो. या माणसाने नेमके केले काय आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षात अमेरिकी सरकार त्यांच्यावर का संतापले, याविषयी...

सॉकेट आणि पोर्ट म्हणजे काय?

एखाद्या चाळीत पत्र पाठवायचे तर चाळीचा पत्ता आणि खोली क्रमांक असे दोन्ही लागते. इंटरनेटवर चाळीचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता, तर खोली क्रमांक म्हणजे पोर्ट. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असतो, त्यामुळे तो ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. पत्ता आणि पोर्ट यांची जोडी म्हणजे सॉकेट, आणि दोन टोकांची दोन सॉकेट मिळून एक जोडणी ओळखली जाते. एकाच मोबाइलवरून एकाच संकेतस्थळाची दहा पाने उघडली तरी उत्तरांची सरमिसळ होत नाही, ती याच कारणाने. प्रत्येक जोडणीसाठी मोबाइलच्या बाजूचा पोर्ट वेगळा असतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सगळा मामला मोजक्या आज्ञांचा आहे. ज्याला वाट पाहायची आहे, तो (म्हणजे सर्व्हर) ‘सॉकेट’ ही आज्ञा देऊन एक सॉकेट मागून घेतो, ‘बाइंड’ने त्याला पोर्ट क्रमांक चिकटवतो, ‘लिसन’ने दारापाशी कान देऊन बसतो आणि ‘ॲक्सेप्ट’ने आलेल्याला आत घेतो. ज्याला बोलायचे आहे, तो ‘कनेक्ट’ने दार ठोठावतो. त्यानंतर दोघेही ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ करतात आणि काम झाले की ‘क्लोज’. या आज्ञा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकतज्ज्ञांनी १९८३ मध्ये त्यांच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून दिल्या आणि आजतागायत त्या फारशा बदललेल्या नाहीत.

पण दार ठोठावणाऱ्याला खोली क्रमांक आधीच माहीत असायला हवा, तो सांगणार कोण? इथून पोस्टेल यांची गोष्ट सुरू होते.

पोस्टेल या कामात आले कसे?

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसजवळच्या ज्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले, त्याच शाळेचे विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे आणखी दोन विद्यार्थी पुढे इंटरनेटच्या इतिहासात गाजले. या तिघांची गट्टी मात्र जमली ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये. पोस्टेल यांनी तिथून १९६६ मध्ये पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या गटात ते काम करत होते तेव्हा, १९६९ च्या सप्टेंबरमध्ये, ‘आर्पानेट’ या अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांवर उभ्या राहणाऱ्या जाळ्याचे पहिले यंत्र यूसीएलएत येऊन दाखल झाले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला.

जाळे जोडले गेले, तरी त्यावर बोलायचे कसे याचे नियम तयार नव्हते. ते बनवण्याची जबाबदारी वरिष्ठांनी एक प्रकारे विद्यार्थ्यांवर सोडून दिली होती. आपण हे ठरवणारे कोण, असा संकोच त्या मुलांना होता. म्हणून क्रॉकर यांनी नियमांच्या टिपणांना आदेश किंवा मानक असे भारदस्त नाव न देता ‘आरएफसी’ म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नम्र नाव दिले. पहिले टिपण एप्रिल १९६९ चे. ही टिपणे गोळा करणे, तपासणे, क्रमांक देणे आणि सर्वांना पाठवणे हे काम लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. आज इंटरनेटचे नियम म्हणून जगभर पाळले जातात ते याच मालिकेतले कागद. त्यांपैकी दोनशेहून अधिकांवर लेखक म्हणून पोस्टेल यांचे नाव आहे.

‘क्रमांकांचा झार’ ही कल्पना कुठून आली?

त्या वेळी प्रत्येक केंद्राचा संगणक वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या धाटणीचा. कोण कुठल्या सॉकेटवर कुठली सेवा देतो याचा मेळ नव्हता. पोस्टेल यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये वापरातल्या सॉकेटची एक यादी काढली. मार्च १९७२ मध्ये सर्फ यांच्यासह पुन्हा विचारणा केली. मग ३० मे १९७२ च्या, ३४९ व्या टिपणात त्यांनी सरळ प्रस्तावच मांडला. अधिकृत सॉकेट क्रमांक वाटून देणारा कुणीतरी ‘झार’ असावा आणि त्याने यादी ठेवून ती प्रसिद्ध करावी, असे त्यांचे म्हणणे होते. तो झार आपणच व्हावे का, हा प्रश्न त्यांनी कंसात, प्रश्नचिन्हासह विचारून ठेवला. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. हरकत कुणीच घेतली नाही, आणि नेमणुकीचे पत्र, निवडणूक, वेतनश्रेणी असले काहीही न होता एक पद जन्माला आले. पुढे त्याला ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी’ अर्थात ‘आयना’ असे लांबलचक नाव मिळाले. अनेक वर्षे ‘आयना’ म्हणजे प्रत्यक्षात पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स.

त्या टिपणातल्या छोट्या यादीत ७ आणि ९ हेही क्रमांक होते. सातवर जे पाठवाल तेच परत येते. नववर जे पाठवाल ते फेकून दिले जाते. हे दोन्ही क्रमांक आजच्या अधिकृत यादीतही तिथेच आहेत.

एक गंमत इथे सांगायला हवी. नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी विद्यार्थी क्रमांक पाठ करतात : फाइल हस्तांतराचा २१, टेलनेटचा २३, ई-मेलचा २५. हे सगळे विषमच का? आर्पानेटच्या जुन्या पद्धतीत एक जोडणी एकाच दिशेने चाले. त्यामुळे संवादाला दोन सॉकेट लागत, सम क्रमांक घ्यायला आणि विषम क्रमांक पाठवायला. पुढे एकाच जोडणीतून दोन्ही दिशांनी बोलता येऊ लागले आणि सम क्रमांक रिकामे राहिले. त्या रिकाम्या जागांपैकी एक १९९५ मध्ये भरली. टाटू यलोनन या फिनलंडच्या तरुणाने ‘एसएसएच’ हा सुरक्षित जोडणीचा प्रोग्राम लिहिला होता. टेलनेट आणि फाइल हस्तांतर या दोन्ही असुरक्षित सेवांची जागा त्याला घ्यायची होती, म्हणून २१ आणि २३ यांच्या मधला २२ मिळेल का, असे त्याने ‘आयना’ला ई-मेलने विचारले. दुसऱ्या दिवशी रेनल्ड्स यांचे उत्तर आले आणि २२ त्याचा झाला. अर्ज, शुल्क, शिफारस काही नाही. जगभरचे सर्व्हर आज ज्या दारातून सांभाळले जातात, ते दार असे मिळाले.

टीसीपी आणि यूडीपी वेगळे का झाले?

१९७४ मध्ये पोस्टेल यांनी डॉक्टरेट मिळवली. संगणकांच्या आपसांतील संवादनियमांत कुठे अडथळा येऊन दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत खोळंबतात का, हे आलेखांच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत हा त्यांचा विषय होता. डग एन्जेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यावर १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले. समुद्रकिनारी, मरीना डेल रे येथे असलेली ही संस्था त्यांनी नंतर सोडली नाही.

सर्फ आणि बॉब कान यांनी आखलेली टीसीपी तेव्हा सगळेच काम करत असे : संदेश वाटेने पुढे ढकलणे आणि तो धडपणे, क्रमाने पोहोचला याची खात्री करणे. ऑगस्ट १९७७ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी ही रचनाच चुकीची असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. वाटेवरच्या यंत्रांनी फक्त पाकीट पुढे द्यावे, आतले काय पोहोचले नाही याची चिंता दोन्ही टोकांनी करावी, आणि ही दोन कामे वेगळ्या थरांत असावीत, हा त्यांचा आग्रह होता. आवाजाचे प्रयोग करणाऱ्या डॅनी कोहेन यांनाही हेच हवे होते. बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर त्याची वाट पाहत थांबण्यापेक्षा पुढचे ऐकणे बरे. १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग झाले. पाकीट पोहोचवणारी आयपी आणि खात्री देणारी टीसीपी. ज्यांना ती खात्री नको, त्यांच्यासाठी यूडीपी.

हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण माझ्या मते पोस्टेल यांचे सर्वांत मोठे योगदान क्रमांकांच्या यादीपेक्षाही हेच आहे. आज व्हिडीओ कॉलवर चेहरा क्षणभर गोठतो आणि पुन्हा बोलू लागतो. हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसले असते तर संभाषण सतत मागे पडत गेले असते.

यूडीपीचा नियम पोस्टेल यांनी २८ ऑगस्ट १९८० रोजी प्रसिद्ध केला. अवघी तीन पाने. प्रत्येक पाकिटावर आठ बाइटचा मजकूर असतो : पाठवणाऱ्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पोर्ट, लांबी आणि तपासणीची बेरीज. बाकी काही नाही. पोस्टकार्डासारखे. टाकले पेटीत, पोहोचले तर पोहोचले. पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीचे नियम आले, तर पुढच्याच वर्षी त्यांनी ई-मेल पाठवण्याचा नियम लिहिला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी स्वीकारली. त्या स्थलांतराचा आराखडाही पोस्टेल यांचाच.

प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना हे कुठे दिसते?

नवशिक्याचा टीसीपी प्रोग्राम हमखास एका जागी फसतो. पाठवणाऱ्याने एकदा ‘सेंड’ केले म्हणजे घेणाऱ्याला एकदाच ‘रिसीव्ह’ करावे लागेल, असे तो गृहीत धरतो. टीसीपी तसे वचन देत नाही. ती नळाच्या पाण्यासारखी आहे. तुम्ही दोन तांबे ओतले, तरी पलीकडे ते एकत्र येतील, किंवा अर्धा, मग दीड, असेही. समजा तुम्ही देवनागरीत ‘नमस्कार’ पाठवले. संगणकाच्या युनिकोड-८ लेखनात (न, म, स, हलन्त, क, काना, र) अशी सात चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकूण २१ बाइट होतात. पलीकडे पहिल्या खेपेला दहाच बाइट आले, तर न, म, स ही अक्षरे मिळतील आणि चौथ्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडा हाती राहील. तेवढ्यावरच मजकूर दाखवायला गेलात तर पडद्यावर चौकोन उमटतात.

उपाय दोन. आधी लांबी कळवायची, किंवा शेवटाची खूण ठरवायची. पोस्टेल यांनी ई-मेलच्या नियमात दुसरा मार्ग घेतला. ज्या ओळीवर फक्त एक टिंब आहे, तिथे पत्र संपले. मग पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर? पाठवणाऱ्याने त्यापुढे आणखी एक टिंब लावायचे आणि घेणाऱ्याने ते काढून टाकायचे. आपण ई-मेल लिहिताना हे कधी जाणवत नाही, पण चाळीस वर्षांनंतरही ही टिंबे लावली आणि काढली जातात.

दुसरी ठेच बाइटच्या क्रमाची. काही संगणक मोठ्या अंकाकडून लिहितात, काही लहान अंकाकडून. पोर्ट ८० क्रम न बदलता उलट्या धाटणीच्या यंत्रावरून पाठवला तर पलीकडे तो २०,४८० असा वाचला जातो आणि जोडणी भलत्याच दारावर आदळते. या भांडणावर कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी एक खुसखुशीत टिपण लिहून गलिव्हरच्या प्रवासातील अंडे कुठल्या टोकाने फोडायचे या वादाची आठवण करून दिली होती. जाळ्यावर मोठा अंक आधी, हा क्रम पक्का झाला आणि म्हणूनच पोर्ट क्रमांक सॉकेटला देण्याआधी तो ‘जाळ्याच्या क्रमात’ फिरवून घ्यावा लागतो.

सराव करणाऱ्यांसाठी पोस्टेल यांनी मे १९८३ मध्ये अगदी चिमुकल्या सेवांचे नियम एकापाठोपाठ एक प्रसिद्ध केले. १३ क्रमांकावर दिवस आणि वेळ, १७ वर दिवसाचा सुविचार, १९ वर अखंड अक्षरांची धार, ३७ वर १ जानेवारी १९०० पासून झालेले सेकंद. प्रत्येक नियम अगदी छोटा. सॉकेट शिकवणारे प्राध्यापक अजूनही पहिला धडा सातव्या क्रमांकाच्या प्रतिध्वनीचाच देतात.

सर्वांवर विश्वास ठेवण्याची किंमत काय?

टीसीपीच्या नियमात पोस्टेल यांनी एक सल्ला घालून ठेवला, तो त्यांच्या नावानेच ओळखला जातो. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याकडून घेताना मात्र थोडी चूकभूल पोटात घालावी, असा त्याचा आशय. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या समजुतीने लिहिलेले प्रोग्राम एकमेकांशी बोलू शकले, त्याचे मोठे श्रेय या सल्ल्याला जाते. पण चुका पोटात घातल्या की त्या रूढ होतात. चुकीचे पाठवणारा सुधारत नाही आणि नव्याने लिहिणाऱ्याला त्या चुकाही सांभाळाव्या लागतात. फसवणूक करणाऱ्यांनाही ही ढिलाई सोयीची पडते. २०२३ मध्ये आरएफसी मालिकेतच या सल्ल्याची परखड चिकित्सा प्रसिद्ध झाली.

वर उल्लेखलेल्या सेवांचेही तसेच झाले. १९९६ मध्ये इशारा देण्यात आला, की पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता टाकून एका यंत्राच्या १९ क्रमांकाची धार दुसऱ्याच्या ७ क्रमांकाला जोडून दिली, तर दोन यंत्रे एकमेकांना अखंड उत्तरे देत बसतात आणि जाळे तुंबते. यूडीपीत ओळख पटवण्याची पायरी नसल्याने हे शक्य होते. आज बहुतेक सर्व्हरवर ही दारे बंद असतात.

मात्र पोस्टेल भाबडे होते असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये, जाळ्यावर मोजकेच संगणक असताना, त्यांनी नकोशा पत्रांच्या उपद्रवावर टिपण लिहिले होते. त्रास देणाऱ्या यंत्राचे संदेश नाकारण्याची सोय घेणाऱ्याला हवी, असे त्यांनी तेव्हाच सुचवले होते. ‘स्पॅम’ हा शब्द ई-मेलला चिकटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

डोमेन नावे आणि मुंबईचा संबंध काय?

क्रमांक लक्षात ठेवणे माणसाला अवघड, म्हणून नावे आली. पोस्टेल यांच्याच संस्थेत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची व्यवस्था रचली. पोस्टेल आणि रेनल्ड्स यांनी १९८४ मध्ये कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग ही वरची नावे आणि देशांसाठी दोन अक्षरांचे संकेत ठरवले. अमुक प्रदेश हा देश आहे की नाही, हा वाद दारात आणू नये म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादी घेतली. त्या यादीत असेल तर नाव मिळेल, नसेल तर नाही. हा शहाणपणा पुढे वेळोवेळी उपयोगी पडला.

भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले. बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीएसटीतून, चाले. २००५ मध्ये तो ‘निक्सी’कडे गेला. त्या काळी देशाचे नाव सांभाळायला देण्यासाठी पोस्टेल सरकारपेक्षा विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांतल्या जबाबदार माणसांकडे पाहत. नाव ही मालमत्ता नसून विश्वस्त म्हणून सांभाळायची ठेव आहे, ही भूमिका त्यांनी १९९४ च्या टिपणात नोंदवून ठेवली.

जानेवारी १९९८ मध्ये काय घडले?

सप्टेंबर १९९५ पासून ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ ही खासगी कंपनी अमेरिकी सरकारशी असलेल्या करारानुसार डोमेन नावांसाठी वर्षाला ५० डॉलर आकारू लागली. जे आजवर विश्वासावर चालले होते, त्यात पैसा आला आणि त्यासोबत वकील आले. नवी नावे कुणी ठरवायची? पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संस्थांना सोबत घेऊन एक योजना मांडली. अमेरिकी सरकारला ती मान्य नव्हती. जाळे आमच्या पैशांतून उभे राहिले, तेव्हा अंतिम शब्द आमचा, असा सरकारचा पवित्रा होता. दाढीधारी, पायात चपला आणि सुट्टीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर पिशवी टाकून भटकणारे पोस्टेल आता संसदीय समित्या आणि खटल्यांच्या नोटिसा यांना तोंड देऊ लागले.

डोमेन नावांची सर्वांत वरची यादी तेव्हा १३ मूळ सर्व्हरवर असे. नेटवर्क सोल्यूशन्सकडे असलेल्या ‘ए’ सर्व्हरवरची मूळ प्रत उरलेले १२ सर्व्हर उतरवून घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी त्या बारांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांना ई-मेल पाठवला. यापुढे प्रत ‘ए’कडून नव्हे, ‘आयना’च्या यंत्राकडून घ्या. आठही जणांनी ते केले. सरकारी हुकूम नव्हता, करारही नव्हता. सांगणारे पोस्टेल होते, इतकेच. उरलेले चार सर्व्हर सरकारशी किंवा नेटवर्क सोल्यूशन्सशी संबंधित होते, ते जागचे हलले नाहीत.

सामान्य वापरकर्त्याला काहीच कळले नाही, कारण दोन्ही यंत्रांवरची यादी तंतोतंत सारखी होती. पण वॉशिंग्टनला अर्थ कळला. उद्या पोस्टेल यांनी त्यांच्या यंत्रावरील यादीत एखादे नवे नाव घातले, तर जगातले बहुतांश मूळ सर्व्हर ते मानतील. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोनवरून कडक समज दिली. पोस्टेल यांनी आपण चाचणी घेत होतो असे सांगितले आणि आठवडाभरात सर्व काही पूर्ववत केले. त्याच सुमारास, ३० जानेवारीला, अमेरिकी वाणिज्य विभागाचा या विषयावरील मसुदा बाहेर आला.

ती चाचणी होती की शक्तिप्रदर्शन? तांत्रिकदृष्ट्या ते चाचणीसारखेच होते, वेळ मात्र चाचणीची वाटत नाही. सरकारी मसुद्याच्या दोन दिवस आधी असे करणाऱ्या माणसाला काहीतरी दाखवून द्यायचे असावे, असे मानायला जागा आहे. तितकेच खरे हे, की हाती आलेली सत्ता त्यांनी एका आठवड्यात, यादीतले एकही अक्षर न बदलता परत केली.

त्यानंतर काय झाले?

तडजोड म्हणून ना-नफा संस्था काढायचे ठरले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी ‘आयकॅन’ची कॅलिफोर्नियात नोंदणी झाली. ती उभी करण्यासाठी पोस्टेल वर्षभर राबत होते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. १९९१ मध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली होती. ते दुखणे पुन्हा उलटले. लॉस एंजेलिसमध्ये शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आयकॅनच्या संचालक मंडळाची पहिली बैठक त्यांना पाहता आली नाही.

त्यांच्यावरील श्रद्धांजली विंट सर्फ यांनी लिहिली आणि ती वृत्तपत्रात नव्हे, तर आरएफसी मालिकेतच छापली गेली. तिचा क्रमांक २४६८. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते, तर २०१२ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’च्या पहिल्याच यादीत त्यांचा समावेश झाला. आयना आयकॅनमध्ये विलीन झाली. तिच्यावरील अमेरिकी सरकारची करारान्वये असलेली देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

क्रमांकांची यादी चालूच आहे. ० ते १०२३ हे नामांकित सेवांसाठी आणि १०२४ ते ४९१५१ हे नोंदणी करून मिळतात. आता त्यासाठी अर्ज भरावा लागतो आणि तज्ज्ञ तो तपासतात. ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे क्रमांक मात्र कुणालाही देऊन टाकायचे नाहीत, असेच ठरलेले आहे. घरच्या दोन संगणकांमध्ये पहिला सॉकेट प्रोग्राम चालवून पाहायचा असेल तर त्यातला कुठलाही घ्यावा, कुणाची परवानगी लागत नाही.